हरलेल्या बाजूचा प्लेअर

शिवपुत्रचा फोन रविवारी सकाळी साडेसातला यायचा. त्या वेळी मुरूम गावच्या बाजारपेठेतल्या ‘शरण फोटो स्टुडिओ’चं शटर अर्धं वर गेलेलं असायचं, श्रीदेवीच्या हातात झाडू असायचा, आणि तिकडं अमेरिकेत तिच्या भावाचं शनिवारचं जेवण उरकलेलं असायचं. त्या दिवशी त्यानं खुशालीसुद्धा विचारली नाही.

“अक्का, कोणता आणू ते सांग. सेल शुक्रवारपर्यंत आहे, आणि बॅगेत एकच बसतोय.”

“दुकानदार काय म्हणतो?”

“एक म्हणतो निळा घ्या. रस्त्यापलीकडचा म्हणतो निळा अजिबात घेऊ नका. दोघांनाही मान डोलावून ‘हौदु, हौदु’ म्हटलं आणि बाहेर पडलो.”

“त्यांना कन्नड चांगलं कळलं असेल.”

“कळलं नसेल. पण त्यांचं इंग्रजी तरी मला कुठं कळलं? तू फिजिक्सवाली. तू सांग.”

“गुरुवारी फोन कर,” श्रीदेवी म्हणाली आणि उरलेलं शटर वर ढकललं.

२००७ चा नोव्हेंबर होता. नव्या जातीच्या डिस्कवरून जगात दोन तट पडले होते. एका तटाची डिस्क ब्लू-रे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘निळी’; दुसऱ्याची एचडी डीव्हीडी. दोन्हींचं चित्र साध्या डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्पष्ट. श्रीदेवीचा धाकटा दीर नंदीश दहापट म्हणायचा. श्रीदेवी चित्रातले ठिपके गुणून पाचपट म्हणायची. पण एका जातीची डिस्क दुसरीच्या प्लेअरवर चालायची नाही. सिनेमा कंपन्या अर्ध्या इकडं, अर्ध्या तिकडं. कधीतरी एक तट हरणार आणि त्याच्या बाजूनं उभे राहिलेल्यांची यंत्रं फुकट जाणार, हे सगळे धरून चालले होते. कोणता तट, एवढंच कुणाला माहीत नव्हतं.

मुरूमसारख्या गावात याची निकड एका लग्नामुळं आली होती. आडतव्यापारी सिद्रामप्पांच्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत होतं. सिद्रामप्पांनी सोलापुरातून भिंतभर टीव्ही आणला होता, आणि त्यावर केबलचं चित्र लावून बघितल्यापासून त्यांना फसवल्यासारखं वाटत होतं. “माझ्या पोरीच्या लग्नाची कॅसेट ह्याच्यावर अशी पिठूळ दिसायची आसंल, तर मला तुमचं शूटिंगच नको,” त्यांनी स्टुडिओत येऊन सांगितलं होतं. कॅसेटचा जमाना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी ‘कॅसेट बघणं’ हा शब्द टिकून होता. लग्नानंतर पंधरा दिवसांनी मुलीकडची सगळी भावकी एका घरात जमायची, स्टुडिओचा माणूस आपला प्लेअर घेऊन जायचा, आणि लग्न पुन्हा पहिल्यापासून बघितलं जायचं. कोण दिसलं, कोण दिसलं नाही, कुणाचा आहेर गाळला, यावर तिथंच भांडणं व्हायची. स्टुडिओचं नाव व्हायचं ते तिथं, आणि जायचं तेही तिथंच.

कॅमेरा नवा होता. श्रीदेवीच्या नवऱ्यानं, अमरनाथनं, गेल्याच साली घेतला होता. टेपवर त्याचं चित्र असं यायचं की मंडपाच्या झालरीचा धागा दिसावा. पण गिऱ्हाइकाला द्यायचं साध्या डीव्हीडीवर, आणि तिथं ते आकसायचं. जवळजवळ पाऊण चित्र टेपमध्येच राहून जायचं. श्रीदेवीला याचा राग यायचा. भाकरी थापून निम्मी तव्यावरच सोडून द्यावी, तसला राग.

दुपारी चहाच्या वेळी विषय निघाला. सासरे शरणबसप्पा काउंटरमागच्या खुर्चीत बसले होते. स्टुडिओ त्यांनी उभा केलेला. सत्तरी उलटली तरी मोठी खरेदी त्यांच्या ‘व्हय’शिवाय होत नसे.

“चौऱ्याऐंशी साली म्या असाच शहाणपणा केलता,” ते म्हणाले. “व्हीसीआर बी दोन जातीचे होते तवा. लहान कॅसेटवाल्याचं चित्र लई भारी. डोळ्यानं बघून घेतला. दोन-तीन वर्सांत त्याच्या कॅसेटा मिळायच्या बंद झाल्या. शेवटी तुझ्या सासूनं त्याच्यावर पापड वाळत घातले आन् मंग माळ्यावर टाकला.”

“म्हणून तर सांगतो, अप्पा,” नंदीश म्हणाला. दर आठवड्याला सामान आणायला सोलापूरला जायचं काम त्याचं, त्यामुळं जगात काय चाललंय ते आपल्यालाच कळतं अशी त्याची खात्री होती. “जग जातंय तिकडं जावं. सोलापूरचा डीलर सरळ म्हणतोय, निळा.”

“त्यानं पाहिलाय का?” श्रीदेवीनं विचारलं.

“काय?”

“निळा. चालू असलेला.”

“त्यानं कशाला पाहायला पाहिजे, वहिनी? कंपनीचा माणूस येऊन सांगतो त्याला.”

“एकाच कंपनीचा येत असेल.”

“घ्या. तुमच्याशी बोलायचं म्हणजे तोंडी परीक्षाच.”

शरणबसप्पा हसले नाहीत. सून दुकानात बसायला लागली त्याला आठ वर्षं झाली होती. उमरग्याच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली ही मुलगी लग्नानंतर एक वर्ष ज्युनिअर कॉलेजात तासिकांवर शिकवत होती. मग एकदा स्टुडिओतला बिघडलेला फ्लॅश तिनं उघडला, दुरुस्त केला, आणि पुन्हा कॉलेजात गेलीच नाही. दुकानात संगणक तिनं आणायला लावला. एडिटिंग तिनं सुरू केलं. आजवर तिचं काही चुकलं नव्हतं, आणि शरणबसप्पांच्या मनात नेमकी तीच गोष्ट खुपत होती. न चुकणाऱ्या माणसाची त्यांना भीती वाटायची.

“तुझ्या शब्दावर आणू,” ते म्हणाले. “पण ध्यानात ठेव. ते यंत्र माळ्यावर गेलं, तर दुकानात काय घ्यायचं न् काय न्हाय ते पुढं नंदीश ठरवील. तू घर बघायचं. वाटलं तर दुपारची दोन तास एडिटिंगला ये.”

अमरनाथ लेन्स पुसत होता. त्याचा हात थांबला.

“चालेल, मामा,” श्रीदेवी म्हणाली.

“विचार कर जरा,” अमरनाथ पुटपुटला.

“केला.”

पण खरा विचार तिनं पुढचे चार दिवस केला. भारनियमनातून जेवढे तास वीज मिळे तेवढे तास टेलिफोनच्या तारेवर रांगणारं इंटरनेट लावून ती वाचत बसली. कोण जिंकणार यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली होती. पहिल्या दिवशी तिनंही ती वाचली. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, हा आपला प्रश्नच नाही. सिनेमा कंपन्यांच्या डिस्क मुरूमला विकत घेणार कोण? या प्लेअरवर चालणार होती ती तिनं स्वतः तयार केलेली डिस्क. सिद्रामप्पांच्या मुलीच्या लग्नाची. मग कोणता प्लेअर *माझी* डिस्क वाचतो, एवढंच बघायचं होतं.

तसं बघितल्यावर उत्तर अवघड राहिलं नाही. सेलमधल्या निळ्याला निळीच कोरी डिस्क लागायची. ती अजून सोलापुरातही मिळत नव्हती, आणि ती लिहिणारं यंत्र प्लेअरपेक्षा महाग होतं. एचडी डीव्हीडीच्या प्लेअरला मात्र स्पष्ट चित्र साध्या, कुठल्याही स्टेशनरी दुकानात मिळणाऱ्या डीव्हीडीवर लिहून दिलं तरी चालत होतं. फक्त एकीवर पंचवीस मिनिटंच मावणार होती. शिवाय अमेरिकेतला निळा प्लेअर जगाच्या इकडच्या विभागासाठी विकलेल्या सिनेमाच्या डिस्क नाकारणार होता; दुसऱ्याला विभागाचं बंधनच नव्हतं.

गुरुवारी तिनं भावाला सांगितलं, “एचडी डीव्हीडी.”

“पक्कं? इथं निम्मे लोक म्हणतात ते हरणार.”

“हरू दे. माझी डिस्क वाचली म्हणजे झालं.”

नंदीशनं कपाळावर हात मारून घेतला. “वहिनी, पंचवीस मिनिटं? म्हणजे एका लग्नाच्या सात डिस्का? लग्न आहे का पारायण?”

“पहिली संपली की दुसरी घालायची. तुम्हीच घालाल. तेवढंच मंडळींना तुमचं तोंड दिसेल.”

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शिवपुत्र आला. प्लेअर त्यानं दोन स्वेटरांत आणि लुंगीत गुंडाळून आणला होता. खोक्यातून बाहेर निघतो न निघतो तोच नंदीशनं प्लगला जोडपिन लावून बोर्डाकडं हात नेला, आणि श्रीदेवीनं आयुष्यात पहिल्यांदा दिराचं मनगट पकडलं.

“एकशे दहा व्होल्टचा आहे तो.”

“मग?”

“आपल्या भिंतीत दोनशे तीस आहेत.”

नंदीशनं हात मागं घेतला. पुढचे दोन दिवस, लातूरहून विटेएवढा जड ट्रान्स्फॉर्मर येईपर्यंत, प्लेअर टेबलावर नुसता बसून होता आणि येणारा जाणारा त्याला पाहुण्यासारखा बघून जात होता.

ट्रान्स्फॉर्मर आला. दिवा लागला. श्रीदेवीनं आधीच लिहून ठेवलेली डिस्क घातली. प्लेअरनं ती फिरवली, घुटमळला, आणि पडद्यावर इंग्रजीत दाखवलं की ही डिस्क आपल्याला वाचता येत नाही.

दुसरी डिस्क. तेच. पाचवी. तेच. नंदीश नुसता शीळ घालत राहिला, आणि ती शीळ तिला बोलण्यापेक्षा जास्त लागली. अमरनाथनं तिला चहा आणून दिला. तो निवून गेला.

तिसऱ्या दिवशी तिला कळलं, आणि कळलं तेव्हा तिनं ते कुणापासून लपवलं नाही. “चूक माझी आहे,” तिनं सासऱ्यांसमोर येऊन सांगितलं. “विजेचा दाब बघितला, विभाग बघितला. एक गोष्ट बघायची राहिली. आपल्याकडं व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रं असतात. अमेरिकेत तीस. तिकडच्या प्लेअरला आपली पंचवीस चालत नाहीत.”

“म्हंजी गेलं माळ्यावर,” शरणबसप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

“नाही, मामा. आपला कॅमेरा दोन्ही करतो. आतमध्ये एक मेनू आहे, तो आजवर कुणी उघडलेला नाही. सिद्रामप्पांचं लग्न आपण सेकंदाला तीस चित्रांवर घेऊ.”

अमरनाथ कॅमेरा उलटासुलटा करून बघू लागला, जणू तो मेनू बाहेरून दिसणार होता.

त्यातही एक मेख होती. इकडची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते. तीस चित्रांच्या कॅमेऱ्यात ती लुकलुकायला लागली. श्रीदेवीनं कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर बांधलं, कागदाची चिठ्ठी लिहून ती कॅमेऱ्याला चिकटवली, आणि नवऱ्याला बजावलं की लग्न लागेस्तोवर या आकड्याला हात लावायचा नाही. मग दुकानातच पाच मिनिटांचं शूटिंग केलं. डिस्क लिहिली. प्लेअरनं ती फिरवली, घुटमळला, आणि पडद्यावर शरणबसप्पा आले. कानावरच्या केसांसकट, सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीचा तुटलेला कोपरा दिसत असलेले शरणबसप्पा.

म्हातारा सदऱ्याची ती गुंडी चाचपत राहिला. “एवढा म्हातारा झालो व्हय म्या,” एवढंच म्हणाला.

जानेवारीच्या सुरुवातीला एक मोठी सिनेमा कंपनी निळ्या तटात गेल्याची बातमी आली. नंदीशनं ती वाचून दाखवली. श्रीदेवी ऐकून घेऊन एडिटिंगला बसली. फेब्रुवारीत लग्न झालं, चांगलं झालं, अमरनाथनं चिठ्ठीवरच्या आकड्याला हात लावला नाही. सात डिस्क लिहून झाल्या, आणि कॅसेट बघायचा दिवस शुक्रवारचा ठरला. बुधवारी सकाळी नंदीश पेपर घेऊन आला. या वेळी तो शीळ घालत नव्हता. बातमीची घडी त्यानं वडिलांच्या पुढ्यात ठेवली.

एचडी डीव्हीडीचे प्लेअर करणाऱ्या कंपनीनं माघार घेतली होती. यापुढं नवीन यंत्रं बनणार नव्हती. युद्ध संपलं होतं.

“मेलं की हो, वहिनी,” नंदीश म्हणाला. “तीन महिन्यांत.”

“कंपनी थांबली,” श्रीदेवी म्हणाली. “यंत्र चालू आहे.”

“शब्दांचा खेळ झाला हा.”

“चालू करून बघा. खेळ असेल तर दिवा लागणार नाही.”

शरणबसप्पांनी चष्मा काढून पेपर बाजूला सारला. “पोरी, बोलणं झालंय आपलं.”

“झालंय, मामा. माळ्यावर गेलं तर, असं झालंय. शुक्रवारी ते सिद्रामप्पांच्या घरी जाणार आहे.”

पण त्याच दुपारी सिद्रामप्पांचा फोन आला. बाजारात बातमी नंदीशनंच सांगितली होती. वाईट हेतूनं नाही, त्याच्या पोटात बातमी टिकत नसे. “शरणप्पा,” सिद्रामप्पा म्हणाले, “मेलेलं यंत्र म्हणं ते. लग्नघर हाय माझं. दुसरं काय तरी घिऊन या, न्हाय तर साधी डीव्हीडी लावा. पिठूळ तर पिठूळ.”

शरणबसप्पांनी रिसीव्हर ठेवला आणि सुनेकडं बघितलं. आता तिनं ‘बरं’ म्हटलं असतं, तर सगळं तिथंच मिटलं असतं. नंदीशही त्याच अपेक्षेनं जरा मऊ होऊन उभा होता. श्रीदेवीनं पदर खोचला, चप्पल घातली आणि भर दुपारी आडत बाजारात गेली. तुरीच्या पोत्यांमध्ये हमालांच्या देखत ती सिद्रामप्पांसमोर उभी राहिली.

“अप्पा, तुमच्या बैठकीतला पंखा कुठल्या कंपनीचा आहे?”

सिद्रामप्पांनी एक नाव सांगितलं.

“ती कंपनी चालू आहे का बंद पडली?”

“मला काय ठाऊक?”

“पण पंखा फिरतोय ना? शुक्रवारी पाच मिनिटं लावू द्या. नाही आवडलं तर मीच बंद करते, आणि तुमच्या घरचं शूटिंग आमच्याकडून पुन्हा होणार नाही.”

सिद्रामप्पांनी आयुष्यभर धान्याची मूठ तळहातावर घेऊन भाव केला होता. माणूस आपल्या मालावर किती ठाम आहे, ते त्यांना कळायचं. “पाचच मिनिटं,” ते म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी पाच ते नऊ वीज असायची. पाचला सिद्रामप्पांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांना सतरंज्या अडकवल्या होत्या. पुढं सतरंजीवर बायका, मागं खुर्च्यांवर पुरुष, आणि अगदी मधोमध सिद्रामप्पांची थोरली बहीण धुरपदाबाई, दोन पाय पसरून. श्रीदेवीनं ट्रान्स्फॉर्मर जमिनीवर ठेवला, प्लेअर लावला. डिस्क घालायला नंदीश. तो आला होता. यंत्र बंद पडलं तर बघायला आणि नाही पडलं तर डिस्क बदलायला, दोन्ही तयारीनं.

चित्र आलं. हळदीचा मंडप.

सतरंजीवरच्या बायका पुढं सरकल्या. मग एकदम सगळ्या बोलल्या.

“आगं, माझ्या नाकातली मोरणी दिसतीय!”

“तुझी मोरणी ऱ्हाऊ दे, माझ्या पदराची शिवण बघ की, उसवल्याली!”

“आवो, घाम बी दिसतोय ह्यांचा.”

“मंग काय, वऱ्हाडी होता का तुझ्यावानी पंख्याखाली बसायला?”

पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली. सिद्रामप्पांनी घड्याळाकडं बघितलं नाही. अक्षता पडल्या तेव्हा एकेक दाणा वेगळा दिसला, आणि नवरीची आई सारजाबाई डोळ्याला पदर लावून बसली. नंदीशनं दुसरी डिस्क घातली, तिसरी, चौथी. मंडळी म्हणाली, “लवकर घाल रे.” पाचव्या डिस्कवर आहेर होता.

आहेराची भांडी मांडणं आणि त्यांच्यावरून सावकाश कॅमेरा फिरवणं हा तिथला रिवाज. प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं असतं. आजवर कॅसेटमध्ये भांडी नुसती चमकायची. ते नाव कधी कुणाला वाचता आलं नव्हतं. एडिटिंगच्या बोटभर चौकटीत श्रीदेवीलाही आलं नव्हतं. आता भिंतभर पडद्यावर एकेक अक्षर उभं राहिलं. पहिल्या ओळीत बसलेल्या गजराबाई निवृत्त शिक्षिका. अक्षर दिसलं की मोठ्यानं वाचायची त्यांची सवय गेली नव्हती.

“बसवंतप्पा यांजकडून, सप्रेम भेट... महादेवी व परिवार... ही धुरपदाबाईंची घागर, सगळ्यांत मोठी... सौ. सारजाबाई सिद्राम यांजकडून, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव.”

त्या थांबल्या. चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं. तेच होतं.

बैठकीतली सगळी तोंडं आधी सारजाबाईंकडं वळली, मग धुरपदाबाईंकडं. अठ्ठ्याण्णव साली धुरपदाबाईंच्या मुलाचं लग्न झालं होतं. त्या लग्नात भावजयीनं दिलेली घागर धुरपदाबाईंनी दहा वर्षं वर ठेवली होती, आणि कुणी दिली ते विसरून भावजयीच्याच मुलीच्या लग्नात आहेरात दिली होती.

“खोटं हाय ते!” धुरपदाबाई कडाडल्या. “मेलेलं यंत्र हाय म्हणं. काय बी दावतंय. बंद कर गं पोरी!”

“बंद कर,” मागून कुणीतरी पुरुष म्हणाला. नंदीशचा हात बटणापाशी गेला. सिद्रामप्पा बहिणीकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की पाच मिनिटांची मुभा आता संपलीय.

श्रीदेवीला कळत होतं की आता बटण दाबलं, तर उद्या बाजारात एकच गोष्ट सांगितली जाईल. मेलेल्या यंत्रानं भरल्या घरात खोटं दाखवलं. मग ते कुणीच लावू देणार नाही.

“आत्या, बंद करते,” ती म्हणाली. “पण खोटं म्हणू नका. त्याला खोटं दाखवता येत नाही. घागर घरातच असेल. आणा, दोन्ही शेजारी ठेवा, आणि अक्षरं जुळली नाहीत तर हा प्लेअर मी इथंच सोडून जाते. अंगणात फेका.”

मग सारजाबाई उठल्या, आत गेल्या. भांडी सरकल्याचा आवाज झाला. त्या घागर कमरेवर घेऊन आल्या आणि टीव्हीसमोर ठेवून त्यांनी ती फिरवली. पडद्यावरची घागर आणि समोरची घागर. ‘सारजाबाई’मधल्या ‘बा’चा काना कोरणाऱ्याच्या हातून घसरला होता, दोन्हीकडं तो तसाच घसरलेला होता.

धुरपदाबाईंनी पदर तोंडावर ओढला. सारजाबाईंनी घागरीवर टिचकी मारली. ती खणखणीत वाजली.

“दहा वर्सं तुमच्या घरी आले की हिलाच शोधत होते,” त्या म्हणाल्या. “वन्सं, लई जपली तुमी. एक पोचा न्हाय.” आणि त्यांना हसू आवरेना. त्यांचं हसू बघून बायका सुटल्या, मग पुरुष. पदराआडून धुरपदाबाईंचा आवाज आला, “म्या काय वाचता येणारी हाय का? पोरानं दिली, म्या आणली!” त्या काही हसल्या नाहीत. पण उठूनही गेल्या नाहीत.

“सहावी घाल,” सिद्रामप्पा नंदीशला म्हणाले.

साडेआठला सगळं संपलं. निघताना सिद्रामप्पांनी श्रीदेवीला थांबवलं. “पोरगी पुण्याला गेली माझी. जावई निळं यंत्र घेणार म्हणतोय. ह्या सात डिस्का त्याच्यावर लागतील?”

होकार द्यायला ही चांगली वेळ होती.

“नाही लागणार,” श्रीदेवी म्हणाली. “म्हणून साधी डीव्हीडीही देतेय. मूळ टेपा माझ्याकडं आहेत. निळ्या कोऱ्या डिस्का मिळायला लागल्या की त्यावर लिहून देईन. तोवर कधी बघावंसं वाटलं तर निरोप धाडा. यंत्र घेऊन मी येईन.”

सिद्रामप्पांनी मान हलवली. “शिवरात्र झाली की माझ्या मेव्हण्याच्या पोरीचं हाय, आळंदला,” ते म्हणाले. “तिथं बी हेच आणायचं. भांड्यावरचं नाव वाचता येतंय ते.”

रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजला तेव्हा दुकानात सगळेच होते. आळंदच्या लग्नाची तारीख लिहून घ्यायला अमरनाथ, उगाचच लवकर आलेले शरणबसप्पा, आणि खुर्चीत पेपर चाळत बसलेला नंदीश.

“अक्का, बातमी कळली ना?” शिवपुत्र म्हणाला. “इथं दुकानदार ते प्लेअर ढिगानं काढून टाकतायत. मी तेव्हा तुला म्हणालो होतो.”

“ढिगानं?” श्रीदेवी म्हणाली. “मग आणखी दोन घेऊन ठेव. एप्रिलमध्ये तुझा मित्र येतोय ना, त्याच्याबरोबर पाठव.”

नंदीश खुर्चीतून उठला. “वहिनी! आणखी दोन? आता जगात कुणी बनवत नाही ते!”

“म्हणूनच आत्ता घ्यायचे. एक बिघडला तर सुटे भाग कुठून आणू?”

“अप्पा, सांगा तुम्ही.”

शरणबसप्पांनी घसा खाकरला. “असं करू. एक हे घे. दुसरं नंदीशच्या मनाचं, निळं. दोघांचं बी ऱ्हाईल.”

श्रीदेवीनं फोनवर तळहात ठेवला. एवढं ऐकून घेतलं असतं तर घरात पुढं वर्षभर शांतता राहिली असती, हे तिला दिसत होतं. अमरनाथलाही दिसत होतं. त्याची नजर तेच विनवत होती.

“नाही, मामा,” ती म्हणाली. “निळ्यावर मला माझी डिस्क लिहिता येत नाही. ते आणून काय दाखवू? दुसऱ्यांचे सिनेमे? ज्या दिवशी निळी कोरी डिस्क उमरग्यात मिळेल, त्या दिवशी मीच म्हणेन निळा आणा. कुणाचं मन राखायला मी यंत्र आणणार नाही.”

शरणबसप्पा तिच्याकडं बघत राहिले. मग नंदीशकडं. मग कॅलेंडरकडं, जणू त्याच्यावर काही लिहिलेलं होतं.

“अमेरिकेचा फोन हाय,” ते अखेर म्हणाले. “पोराचं मीटर पळतंय तिकडं. काय सांगायचं ते सांग त्याला.”

तिनं तळहात काढला. “शिवपुत्र, दोन. तीच जात. मॉडेल नंबर लिहून घे.”

“अक्का, लोक हसतील गं.”

“त्यांचं हसून झालंय,” श्रीदेवी म्हणाली. “तू लिहून घे.”